मॅडम, लाल का हिरवा?

ग्रंथालयाचं कुलूप काढून आत आले की खिडक्या उघडायच्या आधी माझी नजर दाराशेजारच्या भिंतीवर जाते. तिथे पांढऱ्या प्लास्टिकची एक डबी ठोकलेली आहे, साधारण शंभरपानी वहीएवढी. तिच्यावर एका ओळीत बारीक दिवे आहेत. त्यातला एक लाल लुकलुकत असेल तर घाट चढून आमच्यापर्यंत आलेली काचेची तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर, वाटेत कुठेतरी तुटलेली आहे. तो विझलेला आणि शेजारचा हिरवा स्थिर असेल तर कॉलेजात नेट आहे.

पहिल्या जीपने आलेली मुलं वऱ्हांड्यात चपला काढता काढताच विचारतात, "मॅडम, लाल का हिरवा?" मी जे सांगेन त्यावर त्यांचा दिवस ठरतो. हिरवा म्हटलं की दप्तरं टेबलावर येतात. लाल म्हटलं की कोणी वर्तमानपत्र ओढतं, कोणी परतीच्या जीपची चौकशी करतं. ज्यांना त्याच दिवशी काही भरायचं असतं ती मुलं माझ्या टेबलासमोर नुसतीच उभी राहतात. काही बोलत नाहीत, तक्रारही करत नाहीत. त्यांच्याकडे बघून काय बोलावं हे मला इतक्या वर्षांत सुचलेलं नाही.

आमचं कॉलेज नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या रांगांत. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण ६९ टक्क्यांच्या वर आहे. आमच्या वर्गात ते त्याहून बरंच जास्त. बहुतेक मुलं भिल्ल आणि पावरा समाजातली, घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. घरी भिलोरी नाहीतर पावरी, वर्गात मराठी आणि स्क्रीनवर इंग्रजी, अशा तीन भाषांतून रोज ये-जा करणारी. तालुक्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण हे एकट्या आमच्या कॉलेजचं दुखणं नाही. मेळघाटात धारणीला जा, गडचिरोलीत एटापल्ली-भामरागडला जा, पालघरमध्ये जव्हार-मोखाड्याला जा, थोड्याफार फरकाने हीच गोष्ट ऐकायला मिळेल.

शहरातल्या मैत्रिणींना मी हे सांगते तेव्हा त्या म्हणतात, अगं, पण आता सगळ्यांकडे मोबाइल आहेत ना? आहेत. मोबाइल आहेत, रिचार्जही आहे, पण पाड्यावर रेंज नाही. तालुक्याच्या गावात आल्यावर ती येते आणि बाजाराच्या दिवशी सगळे एकाच टॉवरवर आले की तीही गुदमरते. म्हणून या मुलांसाठी कॉलेजची तार हेच खरं नेट. आणि त्या तारेवर आज काय काय टांगलेलं आहे? प्रवेशाचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, हॉलतिकीट, शिष्यवृत्ती, निकाल, श्रेयांकांचं खातं. २०२१ च्या यूजीसी नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम्‌ या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरून करायची मुभा दिली. मुभा फार चांगली आहे. आमच्याकडे ज्या विषयाला शिक्षक मिळत नाहीत तो विषय एखाद्या नामवंत संस्थेतल्या प्राध्यापकाकडून शिकता येईल, याचा मला मनापासून आनंद झाला होता. पूर्वी नेट नसलं तर ज्ञान उशिरा मिळायचं. आता नेट नसलं तर मूल कॉलेजात शिकतंय याची नोंदच होत नाही.

एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. प्रथम वर्षाची एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आली होती. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर रबर, रबराखाली जातीच्या दाखल्याची घडी. सगळं नीट. आधारला जोडलेल्या नंबरावर ओटीपी येतो, आणि तिच्या आधारला नंबर वडिलांचा. वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेले. त्यांचा फोन लागेना. मग मुकादमाच्या फोनवर फोन केला. मुकादम म्हणाला, फडात आहेत, बोलावतो. अर्ध्या तासाने वडील आले, त्यांनी आपला फोन चालू केला. त्यांना आकडे वाचता येत नाहीत म्हणून मुकादमाचा पोरगा शेजारी उभा राहिला. आम्ही इकडे बटण दाबलं, तिकडे संदेश आला, पोरगा एकेक आकडा मोठ्याने सांगू लागला. सहापैकी चार आकडे मुलीने टाकले आणि पान अडकलं. मी मान वर करून पाहिलं. लाल.

ओटीपी काही मिनिटांचा असतो. तेवढ्या मिनिटांत फडातली रेंज आणि आमची तार दोन्ही एकदम जिवंत असायला हव्यात. त्या दिवशी तसं झालं नाही. वडील पलीकडून विचारत होते, "झालं का गं?" आणि ती फोन कानाला लावून गप्प होती. पुढे मुदत वाढली म्हणून तिचा अर्ज गेला. या जिल्ह्याचं एक वैशिष्ट्य मी पाहुण्यांना नेहमी सांगते. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिले गेले. त्या दिवसाचा मला अभिमान आहे. म्हणूनच त्या क्रमांकाच्या आधारे पुढे जे जे उभं राहिलं, ते टेंभलीच्या उत्तरेला डोंगरात राहणाऱ्या या मुलीच्या हाताला लागलं पाहिजे, असं मला फार तळमळीने वाटतं.

सरकारने काही केलं नाही असं मी म्हणणार नाही, ते खरं नाही. २००९ मध्ये माहिती तंत्रज्ञानातून शिक्षणाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. मार्च २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला मंजुरी मिळाली, ५,९९० कोटी रुपयांचं. विद्यापीठं, संशोधन संस्था, मोठी इस्पितळं त्यातून वेगवान तारेने जोडली गेली. ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर झाली, अडीच लाख ग्रामपंचायती आणि प्रत्येकीला १०० एमबीपीएस. तिलाच २०१५ पासून भारतनेट म्हणतात. यादी कागदावर वाचताना ऊर भरून येतो. पण या दोन योजनांच्या मधल्या फटीत आमच्यासारखी कॉलेजं राहिली. ज्ञानाचं जाळं विद्यापीठापर्यंत पोहोचलं, भारतनेटचं टोक ग्रामपंचायतीच्या कपाटात आलं. विद्यापीठाशी संलग्न पण विद्यापीठापासून घाटापलीकडे असलेलं, ग्रामपंचायतीच्या हद्दीत असूनही ग्रामपंचायत नसलेलं कॉलेज कोणाच्या खात्यात?

२००९ च्या त्या अभियानातून कॉलेजांना ५१२ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला ५१२ किलोबिटच्या, जोडण्या मिळू लागल्या. आज हा आकडा ऐकून मुलं हसतात, पण तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. जरा हिशेब करून बघा. पाच एमबीचा एक शोधनिबंध म्हणजे चाळीस मेगाबिट. ५१२ केबीपीएसवर तो एकट्याने उतरवायचा तर साधारण ऐंशी सेकंद. दहा मुलांनी एकाच वेळी दहा निबंध मागितले तर तेरा मिनिटं, आणि तेही तार अखंड चालू राहिली तर. इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राच्या एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन योजनेतून आम्हाला ६,००० हून अधिक नियतकालिकं वाचायला मिळतात. पुण्या-मुंबईच्या कॉलेजातल्या ग्रंथपालाला मिळतात तीच. ग्रंथपाल म्हणून यासारखी समता मी दुसरी पाहिलेली नाही. फक्त ती आमच्या खिडकीपर्यंत येऊन थांबायची.

आता आमच्याकडे फायबर आहे आणि वेग पुष्कळ आहे. म्हणजे प्रश्न सुटायला हवा होता. पण आमच्यापर्यंत तार एकाच वाटेने येते: जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघून, घाट चढून, तालुक्यातून आमच्या भिंतीवर. कडी-कडी साखळीसारखी. वाटेत एका जागी तुटली की पुढची सगळी गावं अंधारात. ज्या भागात तार गोल फिरवून परत मूळ ठिकाणी आणलेली असते, तिथे एकीकडे तुटली तर नेट दुसऱ्या बाजूने येतं. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये, १,३९,५७९ कोटींच्या, अशी गोल मांडणी धरलेली आहे, आणि त्याहून मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे दहा वर्षांच्या देखभालीचा खर्चही धरलेला आहे. देखभाल हा शब्द इतक्या मोठ्या आकड्याशेजारी मी पहिल्यांदा पाहिला.

तार का तुटते, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. आमच्या शिपाई मामांना तोंडपाठ आहे. उन्हाळ्यात रस्तारुंदीचा जेसीबी. पावसाळ्यात घाटात दरड. जिथे तार पुरायला खडक आडवा आला तिथे ती विजेच्या खांबांवरून ओढलेली, त्यामुळे वादळात सागाची फांदी. फाल्गुनात पानगळ झाली की वणवा लागतो आणि खाली आलेली तार वितळते. एकदा उंदरांनी कुरतडली होती. आणि कशानेच तुटली नाही तरी मधल्या एखाद्या पेटीची बॅटरी मेलेली असते. मग आमच्याकडे दिवा हिरवा, पान मात्र उघडत नाही. त्या वेळी तक्रार नोंदवायला फोन केला की पलीकडचा माणूस त्याच्या पडद्याकडे बघून सांगतो, "मॅडम, आम्हाला तर तुमची लिंक चालू दिसतेय." त्याचंही काही चुकत नाही. त्याच्या पडद्यावर आम्ही खरोखरच चालू असतो.

हे वाक्य तिसऱ्यांदा ऐकलं त्या दिवशी मी एक नोंदवही घातली. ग्रंथालयात परतीच्या तारखा लिहिण्यात माझं आयुष्य गेलं, तीच सवय इथे कामाला आली. नेट गेलं की लाल पेनाने तारीख आणि वेळ, आलं की हिरव्या पेनाने. शेजारी कारण, कळलं तर. पावसाळ्यातल्या एका महिन्याचं पान जवळजवळ पूर्ण लाल आहे. पण दोन वर्षांनी ती वही सलग वाचायला घेतली तेव्हा मला जे दिसलं ते अपेक्षेपेक्षा वेगळं होतं. तार फार वेळा तुटते हे खरं, पण आमचे दिवस तुटण्यात जात नव्हते. ते कोणीतरी येण्याची वाट बघण्यात जात होते.

हे मला नेमकं कळलं ते एका श्रावणात, फरशी पुलाजवळ. पुलाच्या कामावरच्या जेसीबीने तार ओढली होती. पाचव्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणाहून दुरुस्तीवाला आला. एकटाच, मोटरसायकलवर, पाठीला पेटी. आमच्या शेवटच्या वर्षाच्या विज्ञान शाखेतला एक मुलगा त्याला जागा दाखवायला गेला, आणि मीही गेले, कारण पाच दिवस ज्याची वाट पाहिली तो माणूस नेमकं करतो तरी काय हे मला बघायचं होतं.

पाऊस भुरभुरत होता. मुलाने छत्री धरली, मी टॉर्च. त्याने रस्त्याच्या कडेला ताडपत्री अंथरली, चिखलातून तारेची दोन टोकं ओढून घेतली आणि वरचं काळं आवरण सोललं. आतून रंगीत धागे निघाले, चिकट जेलीत बुडालेले. स्पिरिटच्या बोळ्याने त्याने एकेक पुसला. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा. हा क्रम ठरलेला असतो, तो म्हणाला, इकडच्या निळ्याला तिकडचा निळाच जोडायचा. मुलगा पुटपुटत क्रम पाठ करत होता. मग रंग खरवडून काढला तेव्हा आतली काच दिसली, म्हणजे दिसली असं म्हणायचं, कारण टॉर्चच्या उजेडात ती फक्त चमकून जात होती. सव्वाशे मायक्रॉन जाडीची काच, आणि तिच्याही पोटात नऊ मायक्रॉनचा गाभा, ज्यातून प्रकाश धावतो. आमच्या साऱ्या कॉलेजचे अर्ज, व्याख्यानं, निकाल त्या नऊ मायक्रॉनमधून येतात.

दोन्ही टोकं त्याने कापणीच्या यंत्रावर टक्‌ करून सरळ कापली आणि जोडयंत्रात समोरासमोर ठेवली. छोट्या पडद्यावर ती दोन टोकं मोठी होऊन दिसू लागली, दोन काचेच्या कांड्यांसारखी, थोडी वरखाली. यंत्राने त्यांना आपोआप एका रेषेत आणलं. ठिणगी पडली. कांड्यांमधली फट नाहीशी झाली आणि पडद्यावर आकडा आला: ०.०२. म्हणजे जोडात प्रकाशाची गळती जवळजवळ नाहीच. मुलाने श्वास रोखून धरला होता, तो आता सोडला. "सर, एक मी करू?" त्याने विचारलं. दुरुस्तीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि करड्या रंगाचा धागा त्याच्या हातात दिला. पहिल्या खेपेला काप वाकडा गेला. दुसऱ्या खेपेला ०.०४.

सगळं काम दीड तासात आटोपलं. पाच दिवसांची वाट आणि दीड तासाचं काम. मी तो हिशेब त्या रात्री वहीच्या समासात लिहून ठेवला आहे.

तेव्हापासून मी जिथे संधी मिळेल तिथे एकच गोष्ट मागत आले आहे. विद्यापीठाच्या बैठकीत, तपासणी समितीसमोर, आलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याकडे. आम्हाला आणखी वेग नंतर द्या. आधी तालुक्यात जोडयंत्र द्या, प्रकाश मोजायचं एक मीटर द्या, आणि आमच्याच दोन-चार माजी विद्यार्थ्यांना ते चालवायला शिकवून त्या कामाचे पैसे द्या. घाटाखालचा माणूस पाचव्या दिवशी येतो त्यात त्याचा दोष नाही, त्याच्या एकट्याच्या अंगावर केवढा मोठा मुलूख आहे! इथला मुलगा पहिल्या तासात पोहोचेल. त्याला कुठली तार कुठल्या ओढ्यातून जाते हे माहीत असेल, आणि ज्याच्या शेतातून ती गेली आहे त्याच्याशी तो पावरीत बोलेल. भारतनेटमध्ये गावातल्याच तरुणांना उद्यमी नेमून जोडण्या आणि देखभाल त्यांच्याकडे देण्याची पद्धत आलेली आहे. ती कॉलेजांशी बांधा, एवढंच माझं म्हणणं.

दिसायला छोटी, पण सगळ्यांना चुकवणारी गोष्ट म्हणजे वीज. भिंतीवरची ती डबी १२ व्होल्टवर चालते, एक अँपिअर घेते, म्हणजे १२ वॅट. डोक्यावरचा पंखा ७५ वॅट खातो. तरी वीज गेली की दोन्ही एकदम बंद पडायचे, कारण दोन्ही एकाच बोर्डावर होते. भौतिकशास्त्राच्या सरांनी ७ अँपिअर-तासांची साधी बॅटरी त्या डबीला जोडून दिली आणि पाचेक तासांचं भारनियमन आम्हाला जाणवेनासं झालं. इतकं सोपं उत्तर इतकी वर्षं कोणालाच सुचलं नव्हतं, कारण डबी ग्रंथालयाची, बोर्ड इमारतीचा, बॅटरी प्रयोगशाळेची आणि बिल कार्यालयाचं.

दुसरी सोय आम्ही केली ती नेट नसतानाची. एका जुन्या संगणकावर नेटशिवाय वाचता येण्यासाठीच्या किविक्स या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने मराठी विकिपीडिया अख्खा उतरवून ठेवला, शेजारी दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, शिक्षकांनी रेकॉर्ड केलेले तास. मुलं आपल्या मोबाइलवरून कॉलेजच्या वाय-फायवर ते उघडतात, बाहेरची तार तुटलेली असली तरी. रात्री वाहतूक कमी असते तेव्हा नवं साहित्य आपोआप उतरतं. वाचन थांबत नाही, हे त्यातलं सुख. पण अर्ज यातून जात नाहीत. उद्या कोणी म्हणेल की तुमच्याकडे एवढा साठा आहे तर जोडणीची घाई काय, म्हणून हे आधीच लिहून ठेवते.

पैशाबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण त्या विषयावर लिहिताना मला राग येतो. जोडणी बसवायला अनुदान मिळतं, दरमहाचं बिल मात्र कॉलेजने आपल्या वेतनेतर खर्चातून भागवायचं. बसवण्याचा फोटो निघतो. बिलाचा फोटो कोण काढणार? आमच्या प्राचार्यांनी दोन वेळा बिलासाठी स्नेहसंमेलनाचा खर्च कापला आहे. मुलांनी हूं की चूं केलं नाही.

अलीकडे उपग्रहावरून मिळणाऱ्या नेटची खूप चर्चा ऐकते. जुने दळणवळण उपग्रह पृथ्वीपासून ३५,७८६ किलोमीटरवर, त्यामुळे बोललेलं परत येईपर्यंत अर्धा सेकंद जायचा. आताचे पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवरून फिरतात. नर्मदेच्या काठावरच्या, होडीशिवाय जाता न येणाऱ्या पाड्यांसाठी त्याचा मोठा उपयोग होईल असं मला वाटतं. पण त्याचीही एक थाळी असेल, तिलाही वीज लागेल, तीही वादळात हलेल आणि तिचंही महिन्याचं बिल येईल.

मध्यंतरी अमेरिकेतल्या आदिवासी कॉलेजांबद्दल वाचत होते. नवाहो लोकांनी १९६८ मध्ये स्वतःचं कॉलेज काढलं, त्याला आता डिने कॉलेज म्हणतात. आपल्या जमातीने आपल्या जमिनीवर चालवलेलं तिथलं ते पहिलं कॉलेज. कोविडच्या काळात तिथलीही मुलं कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाय-फायवर तास करत होती. वाचताना मला आमची वऱ्हांड्यातली मुलं आठवली. पण एक गोष्ट त्यांनी अशी मिळवली की मी ते पान दोनदा वाचलं. २०२० मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाने बिनतारी नेटसाठीच्या अडीच गिगाहर्ट्‌झच्या लहरी लिलावात काढण्याआधी आदिवासी जमातींना आपापल्या भूमीसाठी मागायची मुभा दिली. म्हणजे जमिनीवर हक्क तसा त्या जमिनीवरच्या हवेतल्या लहरींवरही हक्क.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी एक ओळ कायद्यात आहेच. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वाचा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी यांच्या यादीत तिथे वीज आणि दूरसंचाराच्या तारांचाही उल्लेख आहे. एका कामासाठी एक हेक्टरच्या आत, हेक्टरी ७५ झाडांपेक्षा जास्त तोड नसेल, तर ग्रामसभेच्या शिफारशीवर वनजमीन देता येते. तार जंगलातून नेता येत नाही म्हणून काम अडलं, असं मी अनेकदा ऐकलं आहे. ग्रामसभेला विचारलं होतं का, असं मी आता विचारते. बहुतेक वेळा विचारलेलं नसतं. ज्यांच्या पाड्यावरून तार जाणार त्यांना ती आपली वाटली, तर ती वणव्यात जळताना कोणीतरी धावेल.

आणि असे प्रयोग आपल्या मातीत झालेले आहेत. पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पंचवीस गावं बिनतारी दुव्यांनी जोडली, टीव्हीच्या रिकाम्या लहरी वापरून बघितल्या. मेळघाटातलं हरिसाल २०१६ च्या सुमारास डिजिटल गाव म्हणून देशभर गाजलं. त्या बातम्यांची कात्रणं माझ्या फायलीत आहेत. प्रयोग नवा असतो तेव्हा त्याच्यापाशी हुशार माणसं असतात. मला काळजी असते ती त्यानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्याची.

एक गोष्ट सांगायची राहिली. आपण नेट म्हणजे वरून खाली येणारी वस्तू धरतो. व्याख्यान उतरवायचं, पुस्तक उतरवायचं. मागच्या वर्षी मराठी विभागातल्या एका मुलीने प्रकल्पासाठी आजीची होळीची गाणी रेकॉर्ड केली. पावरीतली. आजीला दात नाहीत, आवाज मात्र खणखणीत, आणि मधेच ती नातीला म्हणते की तू चुकीचं लिहितेस, पुन्हा ऐक. मुलीला हे सगळं विद्यापीठातल्या मार्गदर्शकांना पाठवायचं होतं. आमच्या त्या वेळच्या जोडणीत खाली येण्याचा वेग भरपूर, वर जाण्याचा अगदी थोडा. संध्याकाळी पाचला फायली लावल्या. मामांनी रात्री ग्रंथालयात मुक्काम केला, कारण वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं असतं. पहाटे मला मामांचा फोन आला, "मॅडम, आजी गेली वर." मी दचकून उठून बसले आणि मग माझ्या लक्षात आलं, गाणी पोहोचली होती.

तेव्हापासून मागणीपत्रात मी एक ओळ वाढवली आहे: येण्याजाण्याचा वेग सारखा हवा. इथून पाठवण्यासारखं पुष्कळ आहे.

फरशी पुलावर करडा धागा जोडणारा मुलगा पास झाला, तालुक्यातच राहिला. ठेकेदाराच्या हाताखाली वर्षभर काम शिकला, आता त्याच्याकडे स्वतःची पेटी आहे. यंत्र ठेकेदाराचंच, पण ते त्याच्या घरी असतं. त्याला अजून पक्की नेमणूक नाही, कामाप्रमाणे पैसे मिळतात आणि तेही उशिरा. त्याच्या आईला तो नक्की काय करतो ते कळत नाही. ती विचारते तेव्हा तो सांगतो, काच जोडतो.

परवा सकाळी दिवा लाल होता. पंधरा-वीस मुलं आली होती, परीक्षेच्या अर्जाचा आठवडा. मी तक्रारीसाठी फोन उचलते तोच तो वाजला. "मॅडम, लाल झालाय ना? घाटातल्या दुसऱ्या वळणावर दरड आलीय, मी निघालोय. मुलांना थांबवून ठेवा."

मी वहीत लाल पेनाने वेळ लिहिली, १० वाजून ४० मिनिटं. हिरव्याची जागा मोकळी सोडली. मुलं ओट्यावर जाऊन बसली आणि एकेकाने डबा उघडला.